होनोलुलू ते सॅन फ्रान्सिस्को: शिडाच्या होडीवरून प्लास्टिकचे नमुने घ्यायचेत, मांटा जाळं कसं ओढावं?

वल्हं

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटी ४२ फुटी शिडाची होडी होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला न्यायची आहे. होडीवर चौघं. शर्यत संपल्यावर परतणाऱ्या होड्या घेतात तोच मार्ग: आधी जवळजवळ सरळ उत्तरेला ३८-४० अंशांपर्यंत, मग उत्तर पॅसिफिकच्या जास्त दाबाच्या क्षेत्राला वळसा घालून पूर्वेला. म्हणजे हवाई आणि कॅलिफोर्नियाच्या मधला, तरंगत्या कचऱ्याचा तो गाजलेला पट्टा उजव्या हाताला राहणार आणि त्याची कड आम्ही कापणार.

एका विद्यापीठाची प्रयोगशाळा मांटा जाळं, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरातून ओढून तरंगणारे कण गाळणारं जाळं, द्यायला तयार आहे. तोंड ६० सेंमी रुंद, १६ सेंमी उंच, दोन्ही बाजूंना तरंगणारे पंख, ३ मीटर लांबीची ३३३ मायक्रॉनची जाळी, टोकाला काढता येणारी पिशवी आणि तोंडात आतून वाहणारं पाणी मोजणारा यांत्रिक फ्लोमीटर. अडचण एवढीच की सोबतच्या सूचना क्रेन असलेल्या जहाजासाठी लिहिलेल्या आहेत. आमच्याकडे स्पिनेकर पोल (पुढचं शीड बाहेर ताणून धरायचा दांडा), दोन विंच (दोरी ओढायचे रहाट) आणि आठ हात.

विचारायचं ते असं. जाळं कुठून, किती दोरीवर आणि किती वेगाने ओढायचं? जीपीएस असताना फ्लोमीटरची कटकट हवीच का? केबिनमध्ये फॉर्मलिन ठेवायचं नाही, मग नमुना टिकवायचा कशात? आणि डोळ्यांनी दिसणारा मोठा कचरा, सुटी जाळी, बोये वगैरे मोजायची काही रीत आहे का? दिवसाला दोन ओढी जमतील असा अंदाज आहे.

मतलई

दोरी-दोरखंडाचं मी सांगतो, मोजमापाचं चाळणी सांगतीलच.

पहिली गोष्ट, जाळं होडीच्या बरोब्बर मागे बांधू नका. इंजिनचा पंखा आणि सुकाणू पाणी घुसळतात, वर तरंगणारे कण खाली जातात आणि बाजूला फेकले जातात. तुम्ही नेमक्या त्या साफ झालेल्या पट्ट्यातून जाळं ओढता. ओढ रिकामी येते आणि ‘समुद्र स्वच्छ आहे’ अशी नोंद होते.

स्पिनेकर पोल डोलकाठीच्या कड्याला लावून होडीला काटकोनात बाहेर काढा. त्याला तीन दोऱ्या लागतात: वरून टॉपिंग लिफ्ट (पोल उचलून धरणारी), पुढून एक, मागून एक. पुढची दोरी विसरली की जाळ्याच्या ओढीने पोल मागे फिरून शिडाच्या वायरवर आदळतो. पोलच्या बाहेरच्या टोकाला ब्लॉक (कप्पी), त्यातून ओढायची दोरी आणि ती मागे कॉकपिटमधल्या विंचवर. ४२ फुटी होडीचा पोल साडेचार मीटरच्या आसपास असतो, निम्मी रुंदी वजा केली तर जाळं कडेपासून अडीच मीटर बाहेर राहतं. अडीच नॉटला होडीची स्वतःची लाट जेमतेम उठते, त्यामुळे एवढं अंतर पुरतं.

दोरी १५ मीटर सोडून सुरुवात करा आणि मग जाळ्याकडे बघून ठरवा. तोंड अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर हवं. दोरी आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि तोंड उड्या मारतं. लांब सोडली की ओढ आडवी होते आणि तोंड खाली बसतं. मीटर-मीटरने कमीजास्त करा. एकदा जमलं की दोरीवर रंगीत सुती धाग्याची खूण बांधून ठेवा, पुढच्या ओढीला तेवढीच सोडायची. टेप लावू नका, तिचेच तुकडे नंतर जाळ्यात सापडतात.

वेग २ ते ३ नॉट, पाण्यातून. ३ च्या वर गेलात की तोंडापुढे पाण्याचा फुगवटा तयार होतो, पाणी आत शिरण्याऐवजी कडेने निघून जातं. शिडावर एवढं हळू चालायचं तर मोठं शीड उतरवा आणि पुढचं थोडंसंच उघडा. जास्त दाबाच्या क्षेत्रात वारा पडलेलाच असतो, तिथे इंजिन कमी फेऱ्यांवर बरं. होडी कलली तर पोलचं टोक पाण्याला लागतं, म्हणून पाच-सात अंशांच्या वर कलू देऊ नका.

काही अडकलेलं नसेल तर दोरीवर ताण दहा-वीस किलोचाच असतो, ८ मिमीची दोरी भरपूर झाली. पण मधेच एखादी तुटकी जाळी किंवा क्रेट अडकला तर पोलचा बळी जाईल. म्हणून जाळ्याच्या तोंडापासून निघणाऱ्या तीन आखूड दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे ३ मिमीच्या सुतळीचा कच्चा दुवा द्या. तो तुटला तर जाळं जाऊ नये यासाठी चौकटीला दुसरी सैल दोरी बांधून ती होडीच्या मागच्या क्लीटवर (दोरी बांधायच्या खुंटीवर) ठेवा. जाळं आत घेतानाही हीच दोरी कामाला येते. शॅकलच्या (दोऱ्या जोडणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) पिना स्टीलच्या तारेने बांधून टाका. तीन आठवडे हलत राहिलेली पिन हमखास सुटते.

आत घेताना वेग एक नॉटच्या खाली आणि इंजिन न्यूट्रल. सैल दोरी पंख्यात जायची वेळ हीच. तोंड आधी वर, हॅलयार्डने (शीड चढवायच्या दोरीने) उभं टांगा, म्हणजे जे आलंय ते खाली पिशवीकडे सरकतं.

चाळणी

मतलईंनी उभं टांगायचं सांगितलं, तिथूनच पुढे.

जाळं बाहेरून धुवायचं. होज घेऊन बाहेरच्या बाजूने वरून खाली पाणी मारत या, आतल्या कडेला चिकटलेलं सगळं पिशवीत उतरतं. बाहेरून मारलेलं समुद्राचं पाणी जाळीतूनच गाळून आत जातं, म्हणून चालतं. तोंडातून बादली ओतली की त्या बादलीतलं प्लास्टिकही तुमच्या नमुन्यात जमा होतं. नव्या माणसाला कितीही सांगा, पहिल्या दिवशी तो तोंडातूनच ओततो, त्यामुळे होज एकाच्याच हातात द्या.

फ्लोमीटर हवाच. त्याच्याशिवाय नुसत्या तुकड्यांच्या संख्येला काही किंमत नाही, ते किती पाण्यातून आले ते कळायला हवं. जीपीएस सांगतो होडी जमिनीच्या हिशोबाने किती सरकली. प्रवाह सोबत असेल तर तो आकडा जास्त येतो, विरुद्ध असेल तर कमी. आणि जाळं मधेच तुंबलं ते जीपीएसला कधीच कळत नाही.

नेहमीचा सहा आकडी काउंटरचा मीटर असेल तर हिशोब असा: शेवटचं वाचन वजा पहिलं, गुणिले २६८७३, भागिले ९९९९९९, की मीटरमध्ये अंतर. समजा सुरुवात २१४३८०, शेवट २९८९०५. फरक ८४५२५, अंतर २२७१ मीटर. गुणिले ०.६ मीटर रुंदी, म्हणजे १३६३ चौ. मीटर. तुकडे ४७ निघाले तर दर चौ. किमीला साधारण ३४,५००. आता होडीच्या लॉगशी (पाण्यातून कापलेलं अंतर दाखवणाऱ्या यंत्राशी) ताळा घ्या. अडीच नॉटने अर्धा तास म्हणजे २३१५ मीटर, गुणोत्तर ०.९८, उत्तम. हेच ०.७ च्या खाली आलं तर जाळं तुंबलं होतं किंवा रोटरला काहीतरी गुंडाळलं होतं. ती ओढ फेकू नका, पण तसा शेरा मारा.

क्षेत्रफळ घ्या, घनफळ नको. अर्धं बुडालेलं तोंड लाटेवर सतत खालीवर होतं, खोली नक्की किती धरायची हा वाद संपत नाही.

त्याच हिशोबातली एक गोष्ट भिंतीवर चिकटवून ठेवा. १३६३ चौ. मीटरच्या ओढीत एक तुकडा म्हणजे दर चौ. किमीला ७३४. तुमच्याच डेकवरचा रंगाचा एक पोपडा नमुन्यात पडला तरी समुद्राच्या नावावर ७३४ तुकडे चढतात. उलट समुद्रसंशोधक चार्ल्स मूर यांनी १९९९ च्या ऑगस्टमध्ये याच भागात ११ ओढींत दर चौ. किमीला सरासरी ३,३४,२७१ तुकडे मोजले होते, तेवढी घनता लागली तर तुमच्या एका ओढीत साडेचारशेच्या आसपास निघतील. दोन-चार तुकड्यांच्या ओढीत चूक फार मोठी दिसते, साडेचारशेच्या ओढीत तीच चूक बुडून जाते. होनोलुलू सोडल्यावरचे पहिले काही दिवस तुमच्या ओढी दोन-चारवाल्याच असतील, खबरदारी तिथेच जास्त घ्या.

खबरदारी म्हणजे काय काय? ओढ चालू असताना सिंक, शॉवर, बिल्ज (तळात साचलेलं पाणी) काहीही समुद्रात सोडायचं नाही. नमुना हाताळणाऱ्याने सुती कपडे घालायचे, फ्लीस काढून ठेवायची. शीड डॅक्रॉनचं म्हणजे पॉलिएस्टरच असतं, उन्हाने सडलेल्या शिवणीतून धागे सारखे गळतात. म्हणून निघण्याआधी होडीवरच्या प्रत्येक दोरीचा एक सेंटीमीटर, शिडाची शिवण, डेकचा रंग, तळाचा अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग आणि खुद्द त्या जाळ्याचा धागा, सगळ्याचा नमुना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नाव घालून ठेवा. नंतर इन्फ्रारेड यंत्राखाली संशयित तुकडा आला की जुळवून बघता येतो. शिवाय प्रत्येक वेळी पिशवी उघडताना शेजारी ओला फिल्टर पेपर घातलेली काचेची बशी उघडी ठेवा आणि काम संपलं की झाका. त्यावर जे पडलं ते होडीचं.

टिकवण्याबद्दल. पिशवीतला माल ०.३ मिमीच्या स्टीलच्या चाळणीवर घ्या, मोठे प्राणी आणि शेवाळ गाळलेल्या पाण्याने धुऊन बाजूला काढा, उरलेलं काचेच्या बरणीत ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिन खरंच नको. प्लँक्टनच्या जाती ओळखायच्या असतील तरच त्याचा उपयोग, तुम्हाला प्लास्टिक हवंय. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, विमानाने किंवा कुरियरने पाठवताना अडवतात. म्हणून किनारा दोन दिवसांवर आला की बरण्या चाळणीवर रित्या करून माल फॉइलमध्ये सुकवून घ्या. होडीवर वजन करायच्या फंदात पडू नका, हलत्या टेबलावर मिलिग्रॅमचा काटा काहीही दाखवतो.

हेलकावा

वर सगळ्यांनी वाऱ्याला बगल दिलीय.

लाटा फुटायला लागल्या की तरंगणारं प्लास्टिक खाली मिसळतं, जाळं वरचा थर गाळतं आणि कण त्याच्या खालून निघून जातात. समुद्रशास्त्रज्ञ कुकुल्का आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली याचं सूत्र दिलं. जाळ्याची खोली गुणिले कणांचा वर येण्याचा वेग, भागिले घुसळणीचा गुणक. घुसळणीचा गुणक म्हणजे १.५ × ०.४ × पाण्यातला घर्षणवेग (वाऱ्याच्या जोरावरून ठरणारा) × लाटांची उंची. या भागाकाराला ऋण करून घातांकात टाका, १ मधून वजा करा, की एकूण कणांपैकी किती हिस्सा जाळ्यात आला ते मिळतं. २५ सेंमी खोली, सेकंदाला १ सेंमीने वर येणारे कण आणि पूर्ण वाढलेल्या लाटा धरल्या तर १० नॉट वाऱ्यात दोन तृतीयांश माल हाती लागतो, २० नॉटला जेमतेम आठवा हिस्सा. तुमचं अर्धं बुडालेलं १६ सेंमीचं तोंड याहून उथळ, म्हणजे तोटा आणखी जास्त.

म्हणून १० नॉटच्या वर वारा असेल तर ओढ टाळा, आणि केलीच तर दर दहा मिनिटांनी वारा, लाटेची उंची आणि लाटांच्या माथ्यावर फेस आहे की नाही हे लिहा. नंतर दुरुस्ती करता येते, पण वाऱ्याची नोंदच नसेल तर कुणीच काही करू शकत नाही.

आता मोठा कचरा. एका वेळी एकच माणूस, एकच बाजू, सूर्य पाठीशी राहील ती. एका तासाचा टप्पा घ्या, पण अर्ध्या तासाने माणूस बदला. त्याच्यापुढे डोळा पाण्यावरून फिरतो खरा, पण बघत काही नाही. पट्टा २० मीटर रुंद ठेवा. पट्ट्याबाहेर कितीही मोठा बोया दिसला तरी मोजणीत घ्यायचा नाही, शेजारी वेगळा लिहायचा.

२० मीटर कुठे संपतात हे पट्टीने ठरतं. डोळ्याची उंची पाण्यापासून ३ मीटर असेल आणि हात ताणून पट्टी डोळ्यापासून ६० सेंमीवर धरली, तर शून्य क्षितिजावर ठेवा. वस्तू क्षितिजाखाली १८ सेंमीवर दिसली तर ती १० मीटरवर, ९ सेंमीवर दिसली तर २० मीटरवर, ३.६ सेंमीवर दिसली तर ५० मीटरवर. ही तीन मापं लाकडी पट्टीवर कोरून ठेवा, प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे वेगळी पट्टी. होडी हलत असते, म्हणून दोन हेलकाव्यांच्या मधलं वाचन घ्या.

५ नॉटने एक तास म्हणजे ९.२६ किमी, गुणिले ०.०२ किमी, ०.१८५ चौ. किमी. एका मांटा ओढीच्या दीडशे पटीच्या आसपास जागा तुम्ही नुसत्या नजरेने बघता. म्हणून २० सेंमीच्या वरच्या वस्तूंसाठी जाळं कुचकामी आणि डोळे उत्तम, तर बोटाएवढ्या तुकड्यांसाठी नेमकं उलट. आणि काही दिसलं नाही तो तासही लिहायचा. शून्याचा तास गाळला की सरासरी आपोआप फुगते, आणि हौशी नोंदवह्यांमधली सगळ्यात मोठी खोट तीच असते.

वल्हं

हे सगळं छापून कॉकपिटमध्ये लावतोय. तीन शंका राहिल्या. रात्रीच्या ओढी घ्याव्यात का, रात्री वारा पडतो म्हणून विचारतो. फ्लोमीटर हवेत असताना वाऱ्याने फिरतो, त्याचं काय? आणि सुटं जाळं दिसलं तर ते उचलून आणायचं की नाही?

चाळणी

रात्री नको. अंधार पडला की खोलातले प्राणी वर येतात. पिशवी कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) आणि लँटर्नफिश या लहान माशांनी भरते, जाळं लवकर तुंबतं आणि वेचायला तिप्पट वेळ जातो. वरून ते मासे जाळ्यात अडकल्यावर घाबरून समोर येईल ते गिळतात, प्लास्टिकसुद्धा. मग पोटात सापडलेलं त्यांनी समुद्रात खाल्लं की तुमच्या जाळ्यात, हे सांगता येत नाही. सकाळी ९ ते दुपारी ४ मध्येच उरका.

फ्लोमीटर: तोंड पाण्याला टेकेपर्यंत रोटर बोटाने किंवा रबरबँडने धरून ठेवा, टेकताच सोडा. वाचन त्याच्या आधी घ्यायचं. वर काढताना तोंड पाण्याबाहेर आलं की लगेच धरा. मीटर उलटा न फिरणारा मिळाला तर तोच मागा, नाहीतर जाळं लाटेवर मागे सरकलं की काउंटर कमी होतो. मीटर तोंडाच्या खालच्या भागात बांधा. मांटा अर्धाच बुडतो, मधोमध बांधलेला रोटर निम्मा वेळ हवेत फिरतो. रोज गोड्या पाण्यात बुचकळा, आणि रोटरच्या मागे नायलॉनची मासेमारीची तार अडकलीय का ते बघा. या भागात ती हटकून असते.

मतलई

सुट्या जाळ्याबद्दल स्पष्ट सांगतो: ४२ फुटी होडीने उचलायला जाऊ नका, आणि पाण्यात तर उतरूच नका. वरून टोपलीएवढं दिसणारं जाळं खाली दहा मीटर लोंबत असतं. ओलं झालेलं, शेवाळाने आणि बार्नॅकलने भरलेलं. चार माणसांचं विंच त्याच्यापुढे काही नाही. बुडी मारणाऱ्याचा पाय अडकला तर त्याला सोडवायला जाणाराही अडकतो.

करायचं एवढंच. इंजिन बंद करून वाऱ्याखालच्या बाजूने (वारा जाळ्यावरून होडीकडे येईल त्या बाजूने) लांबून जा, म्हणजे होडी जाळ्यावर नाही, जाळ्यापासून दूर वाहील. फोटो, वेळ, अक्षांश-रेखांश, अंदाजे लांबी-रुंदी, दोरीचा रंग आणि विण, सोबत काय तरंगतंय ते लिहा. उपग्रहाशी बोलणारा ट्रॅकर सोबत असेल तर लांब बोटहूकने जाळ्याच्या जाड दोरीत अडकवा. ओशन व्हॉयेजेस इन्स्टिट्यूट हेच करते: जाणाऱ्या होड्या जाळ्यांना ट्रॅकर लावतात आणि नंतर त्यांचं जहाज जाऊन ती उचलतं. २०२० साली एका सफरीत त्यांनी क्वाई या शिडाच्या मालवाहू जहाजावर १०३ टन माल आणला. एका जाळ्याचा पत्ता लागला की आसपास बाकीचं सापडतं, कारण एकाच प्रकारे तरंगणाऱ्या वस्तूंना प्रवाह एकाच जागी आणून सोडतात.

रात्री त्या पट्ट्यातून इंजिनवर जाताना पंख्यात दोरी जायची भीती खरी आहे. तासाला एकदा न्यूट्रल करून मागे बघायची सवय लावा. थरथर वाढली तर लगेच बंद, फेऱ्या वाढवून ‘कापून जाईल’ म्हणू नका. जाते ती शाफ्टची सील.

हेलकावा

‘एकाच प्रकारे तरंगणाऱ्या’ हे मतलईंचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे, थोडं खोलात जातो. वस्तू पाण्याबाहेर किती डोकावते त्यावर तिची चाल ठरते. पूर्ण बुडालेली जाळी प्रवाहाबरोबर जाते. पोकळ बोया त्यावर वाऱ्याच्या दोन-तीन टक्के वेगाने सरकतो. १५ नॉट वाऱ्यात तीन टक्के म्हणजे ०.४५ नॉट, दिवसाला जवळजवळ ११ सागरी मैल.

२०११ च्या जपानच्या त्सुनामीनंतर हे उघड दिसलं. कालवांच्या शेतीचे हलके काळे बोये पहिल्याच हिवाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, मिसावा बंदराचा २० मीटर लांब धक्का ५ जून २०१२ ला ओरेगनला आला, आणि बुडत तरंगणारी लाकडं त्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिली. उगम एकच, दिवस एकच.

म्हणून प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे एक आकडा लिहा: दहापैकी किती भाग पाण्याबाहेर. बोया ७, क्रेट ३, जाळी ०. अंदाजच असतो, पण संगणकावरच्या प्रवाहाच्या प्रतिकृतीत वेळ मागे चालवून वस्तू कुठून आली ते शोधणाऱ्याला त्याच आकड्याची गरज असते. उगमाचा दुसरा पुरावा म्हणजे अक्षरं. बाटलीच्या बुडावरचा साचा, बोयावरचा क्रमांक, क्रेटवरची चिनी-जपानी-कोरियन अक्षरं, सगळ्याचे जवळून फोटो घ्या.

खाडीकाठ

मध्येच घुसतो. असंच मांटा घेऊन गोवा ते लक्षद्वीप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जमेल का? की अरबी समुद्राला दुसरं काही लागतं?

चाळणी

खाडीकाठ, महिने बरोबर निवडलेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात जाऊच नका, कारण वर हेलकावा यांनी सांगितलं तेच, २० नॉटला आठवा हिस्सा. पॅसिफिकसारखा एका जागी बसलेला भोवरा इथे नाही, वर्षातून दोनदा प्रवाह उलटतात. त्यामुळे डिसेंबरचा आकडा आणि जूनचा आकडा शेजारी मांडून ‘वाढलं-घटलं’ म्हणता येत नाही.

फेब्रुवारी ते मेमध्ये गोव्याच्या बाहेर ट्रायकोडेस्मियम या तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवाचा बहर येतो. पाण्यावर लाकडाचा भुसा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे दिसतात. तो ३३३ मायक्रॉनची जाळी पाच मिनिटांत बंद करतो. ओढ १० मिनिटांची करा किंवा पट्टा सोडून जा. पण सोडलात तर तसं लिहा, कारण वाऱ्याने ज्या रेषेत भुसा गोळा होतो त्याच रेषेत प्लास्टिकही गोळा होतं, आणि ती टाळून तुम्ही आकडा कमी करताय. नदीच्या मुखाजवळ दाट गाळाचं पाणी असेल तिथेही तीच कथा.

वेग कमी करता येत नसेल तर अवानी नावाचं लांबट, उभ्या तोंडाचं जाळं आहे, ८ नॉटपर्यंत चालतं. बंगालच्या उपसागरात त्याची मांटाशी तुलना झालेली आहे. परवानगीचं आधी बघा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आत शास्त्रीय नमुने घेणं त्या-त्या देशाच्या सरकारच्या अखत्यारीत येतं, परदेशी झेंड्याची होडी असेल तर फारच. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला निघण्याआधी विचारा, परतल्यावर नको.

वल्हं

वेचताना प्लास्टिक नसलेलं काय काय फसवतं? आमच्यात जीवशास्त्राचं कुणी नाही.

चाळणी

तुमच्या मार्गावर पहिला फसवणारा वेलेला. निळ्या तबकडीवर पारदर्शक शीड असलेला जेलीफिशचा भाऊबंद, वाऱ्याने हजारोंनी वाहतो. मेल्यावर निळा भाग सडून जातो आणि उरते पातळ, पारदर्शक चकती. हुबेहूब पिशवीचा तुकडा. ती कायटिनची असते, प्रयोगशाळेत हायड्रोजन पेरॉक्साइडनेही सहज विरघळत नाही. उजेडासमोर धरा, आत एकात एक वर्तुळं दिसतील. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये ती नसतात. शंका राहिली तर सुई लाल करून टेकवा: प्लास्टिक आक्रसतं किंवा तार सुटते, कायटिन करपतं. सुई फक्त सुक्या तुकड्याला लावा, अल्कोहोलची बरणी जवळ असताना अजिबात नाही.

बाकी प्युमिस, म्हणजे तरंगणारा ज्वालामुखीचा दगड, थर्माकोलसारखा दिसतो पण नखाने दाबला जात नाही. डांबराच्या गोळ्या उन्हात मऊ होतात. माशांच्या डोळ्यांची भिंगं गोल, घट्ट, पांढुरकी, अगदी कारखान्यातल्या प्लास्टिकच्या दाण्यांसारखी, पण दाबली की पापुद्रे सुटतात. फिझालिया (जेलीफिशसारखा, लांब तंतूंचा डंख मारणारा प्राणी) मात्र हाताने वेचू नका, मेलेली असली तरी तिच्या तंतूंचा डंख शिल्लक असतो. नायट्रिल हातमोजे आणि लांब चिमटा.

मोजताना चार आकार ठेवा: ०.३३ ते १ मिमी, १ ते ४.७५, ४.७५ ते २०० आणि त्यावरचे. प्रकार पाच: तुकडा, दोरी-तार, फिल्म, फोम, दाणा. धाग्यांची मोजणी वेगळ्या रकान्यात, बेरजेत नको. ३३३ च्या जाळीतून ते उभे निसटतात, आणि जे सापडतात त्यातले बरेच तुमच्याच शिडाचे असतात.

आणि बरणीवर मार्करने लिहू नका. आयसोप्रोपिलचा एक थेंब ओघळला की ‘पक्की’ शाई पुसली जाते. जाड कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलने तारीख, वेळ, ओढीचा क्रमांक आणि फ्लोमीटरची दोन्ही वाचनं लिहून ती चिठ्ठी बरणीच्या आत टाका.